हळदीचे कुर्ते घरी रंगवताना: लालबागमधल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबागमधल्या एका चाळीतलं हे कुटुंब. घरात मे महिन्यातलं लग्न होतं आणि हळदीला सगळ्यांनी घरीच टाय-डायने, म्हणजे गाठी बांधून, रंगवलेले कपडे घालायचे, असं नवरीच्या मामीने आणि चुलत बहिणींनी ठरवलं होतं. तयार कुर्ते महाग पडत होतेच, पण खरं कारण वेगळं होतं. मुलींना लग्नात आपल्या हाताने काहीतरी करायचं होतं. हिंदमाताहून अठरा पांढरे कुर्ते आले, मंगळदास मार्केटमधून सहा पांढऱ्या ओढण्या आल्या. रंग कोणता घ्यायचा हा विचार त्यानंतर सुरू झाला. पुढची बरीचशी गुंतागुंत या क्रमातूनच आली.

मी कापड रंगवण्याचे वर्ग घेते. मामी माझ्याकडे आल्या त्या पहिला प्रयत्न फसल्यावर. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

निर्णयांवर परिणाम करणाऱ्या काही गोष्टी आधीच सांगते. घरात मोरी एकच. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, त्यात तेव्हा पाणीकपात चालू होती. घरातल्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. आणि नवरीचे चुलत आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत रंगखात्यात कामाला होते. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात.

अडचण

पहिला प्रयत्न जनरल स्टोअरमधल्या पुडीच्या रंगावर झाला. एक कुर्ता आणि एक ओढणी गाठी मारून, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात राणी रंगात बुडवली. कुर्ता बाहेर काढला तेव्हा सगळे खूश होते. धुतल्यावर बादलीतलं पाणी गुलाबी, दुसऱ्यांदा धुतल्यावरही गुलाबी, आणि गाठींमुळे पांढरे राहिलेले गोल फिकट गुलाबी झाले. ओढणीने तर रंग घेतलाच नाही. गुलाबी पाण्यात भिजवून वाळवलेली पांढरी ओढणी, एवढंच.

मग घरातून सल्ले आले. आत्या म्हणाल्या तुरटी लावा, कुणी व्हिनेगर सुचवलं, कुणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायला सांगितलं. रंग पक्का करण्याचे हे उपाय आपल्याकडे घरोघरी सांगितले जातात, पण ते कोणत्या रंगासाठी आहेत हे सोबत कुणी सांगत नाही. तुरटी नैसर्गिक रंगांच्या कामाची. व्हिनेगरचं आम्ल रेशमाच्या आणि लोकरीच्या रंगांना लागतं. सुती कापडावरच्या पुडीच्या रंगाला यातल्या कशाचाही फारसा उपयोग नाही. या पुड्यांमधला सुतावर चढणारा भाग बहुतेक वेळा डायरेक्ट डाय असतो. तो सुताच्या तंतूला नुसता चिकटून बसतो, रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा थोडा सुटतो. एकरंगी ओढणी वेगळी धुतली तर हे खपून जातं. टाय-डायमध्ये मात्र पांढरा आणि रंगीत भाग एकाच कपड्यात शेजारी शेजारी असतात, तिथे सुटणारा रंग सगळ्या नक्षीवर पसरतो. आणि हळदीला मे महिन्याचा घाम, ओली हळद, वरून अंगावर पाणी.

ओढणीचा प्रश्न वेगळा होता. त्याचं उत्तर अप्पांनी मी पोहोचायच्या आधीच दिलं होतं. त्यांनी ओढणीच्या काठाचा एक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. दुकानात ‘सिल्क’ म्हणून दिलेल्या सहाही ओढण्या पॉलिएस्टरच्या निघाल्या.

मग आम्ही प्रत्येक कुर्त्याच्या आतल्या शिवणीतल्या दाबातून एकेक धागा काढून तीच परीक्षा केली. हे काम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या ताटलीवर करावं, आणि मुलं लांब ठेवून. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटाने चुरगळली की करडी भुकटी होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. अठरापैकी चौदा कुर्त्यांची राख मऊ निघाली. चार कुर्ते सुतासारखे पेटले, पण विझल्यावर राखेत बारीक कडक खडा लागला: टेरीकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरची मिसळ. चारही कुर्त्यांच्या गळ्यावर ‘कॉटन’ लिहिलेलं होतं.

समोरचे पर्याय

तोच पुडीचा रंग ठेवून वर डाय-फिक्सर, म्हणजे रंग धरून ठेवणारं रसायन, लावणं, हा सर्वांत कमी बदलाचा पर्याय. फिक्सरने डायरेक्ट डाय खरंच जास्त टिकतो. पण हा रंग गरम पाण्यात बुडवून चढवायचा असतो. एकाच कुर्त्यावर पिवळा, नारिंगी आणि राणी हवे तर तीनदा बांधणं, तीनदा उकळणं. अठरा कुर्त्यांना गॅसवर हे करणं कुणालाच झेपणार नव्हतं.

नॅफ्थॉल रंगांचा विचार अप्पांमुळे झाला. बांधणीतले भडक लाल रंग वर्षानुवर्षं याच रंगांनी निघत आले आहेत आणि गिरणीत त्यांनी ते हाताळले होते. पण त्याला कॉस्टिक सोडा लागतो, डायझो सॉल्ट लागतात. त्यांनी स्वतःच विषय संपवला: “मुलं असलेल्या घरात कॉस्टिक आणायचं नाही.” मला त्यात भर घालावी लागली नाही.

आजींना वाटत होतं की हळदीच्या कार्यक्रमाला हळदीनेच रंगवावं. कल्पना सुरेख आहे, आणि सुतावर हळदीचा रंग मिठाशिवाय, तुरटीशिवायही चढतो. पण तो उन्हात उडतो आणि सोडा किंवा साबण लागला की लालसर होतो. लग्नानंतरही घालता येतील असे कपडे हवे होते, म्हणून हा पर्याय मागे पडला.

फॅब्रिक पेंट पातळ करून वापरणं पॉलिएस्टरच्या ओढण्यांना चाललं असतं. तो कापडात शिरत नाही, वर थर देतो. पातळ ओढणी त्याने ताठ होते आणि पडते तशी पडत नाही. ओढण्या रंगाऱ्याकडे देण्याचाही विचार झाला. पॉलिएस्टरला डिस्पर्स डाय लागतो आणि तो नीट चढायला उकळत्या पाण्याच्याही वरचं तापमान लागतं, कारखान्यात सुमारे १३० अंश. रंगाऱ्याने एकरंगी ओढण्या दिल्या असत्या, पण मग मुलींच्या हातचं काही उरलं नसतं.

राहिला रिअ‍ॅक्टिव्ह डाय. रंग आणि कापड यांच्यात थेट रासायनिक बंध तयार करणारे हे रंग ब्रिटनच्या ‘आयसीआय’ कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. त्यांतले गार पाण्यात चालणारे, ज्यांना आपल्याकडे ‘कोल्ड ब्रँड’ म्हणतात, ते घरच्या टाय-डायसाठी सर्वांत योग्य. सूत, लिनन आणि व्हिस्कोस यांच्यावर ते चढतात. उकळावं लागत नाही. लागतो तो सोडा, ओलावा आणि ऊब. मे महिन्यातल्या मुंबईत ओलावा आणि ऊब विकत आणावी लागत नाही.

निर्णय

कुर्त्यांना कोल्ड ब्रँड रिअ‍ॅक्टिव्ह, हे अर्ध्या तासात ठरलं. बाकीच्या निर्णयांना जास्त वेळ लागला.

पहिला ओढण्यांचा. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नव्हता, बदलून द्यायला होता. एक ओढणी आधीच रंगात गेलेली, म्हणून पाच बदलल्या, एक नवी घेतली, सगळ्या मलमलच्या. काठाचा धागा तिथेच, दुकानाबाहेर जाळून पाहिला. मामींना हे करताना संकोच वाटत होता. माझं मत स्पष्ट आहे: घरी येऊन पस्तावण्यापेक्षा दुकानदाराच्या कपाळावरची एक आठी परवडते.

दुसरा टेरीकॉटच्या चार कुर्त्यांचा. त्यांतलं सूत तेवढं रंग घेणार आणि पॉलिएस्टर पांढरंच राहणार, म्हणजे छटा फिकट येणार हे आधीच माहीत होतं. ते टाकून न देता काका मंडळींसाठी ठेवले. त्यांना तसेही भडक रंग नको होते.

तिसरा निर्णय रंगांचा, आणि यावर घरात खरी चर्चा झाली. नवरीच्या बहिणीला पिवळा, राणी, मोरपंखी आणि जांभळा असे चारही हवे होते. टाय-डायमध्ये रंग एकमेकांत शिरतात, तेव्हा दोन रंगांच्या सीमेवर काय तयार होईल हे आधी बघावं लागतं. पिवळ्या-राणीच्या मध्ये नारिंगी येतो, पिवळ्या-मोरपंखीमध्ये पोपटी. पिवळ्या-जांभळ्यामध्ये मातकट तपकिरी. जांभळा गेला. मोरपंखी फक्त मुलांच्या कुर्त्यांवर, तोही पिवळ्याच्याच शेजारी, असं ठरलं.

चौथा निर्णय मी आग्रहाने करून घेतला. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची कोरडी भुकटी श्वासातून गेली तर त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते, दमा असलेल्या माणसाला तर जास्तच धोका. म्हणून भुकटी त्या घरात उघडायची नाही. मोजणं आणि विरघळवणं माझ्याकडे, पंखा बंद करून, मास्क आणि हातमोजे घालून, खाली ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरून. लालबागला गेल्या त्या पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या. चमचे, टब, बाटल्या सगळं वेगळं. स्वयंपाकघरातलं एकही भांडं परत न जाण्याच्या बोलीवरच बाहेर काढायचं.

प्रत्यक्ष काम

रंग आणि रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला मिळाली. सोडा मात्र घरातल्या एका मुलीने कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणला होता, आणि इथे थांबावं लागलं. टाय-डायला लागतो धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही. त्याचा अल्कधर्म फार सौम्य. मुलीने आणला होता धुण्याचाच, पण खड्यांचा. खड्यांच्या सोड्यात वजनाच्या जवळजवळ ६३ टक्के पाणीच असतं. भुकटीच्या सोडा अ‍ॅशचं माप डोळ्यांसमोर ठेवून तेवढेच खडे घातले तर सोडा निम्म्याहूनही कमी पडतो आणि रंग फिका येतो. खडे वजनाने पावणेतीन पट घ्यावे लागतात. आम्ही भुकटी वापरली, लिटरला ५० ते ६० ग्रॅम. टब प्लॅस्टिकचा घेतला, कारण सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो.

त्याआधी सगळे कपडे गरम पाण्यात साबण आणि थोडा सोडा घालून धुतले. नव्या कपड्याला खळ असते, फिनिश असतं, त्यातून रंग आत शिरत नाही.

अप्पांनी एक अट घातली. गिरणीत नमुना पास झाल्याशिवाय लॉट लावत नसत, तसंच इथेही. मामींना वेळ जाईल असं वाटत होतं, पण अप्पा हलले नाहीत. जास्तीच्या मलमलच्या तुकड्यावर आणि टेरीकॉट कुर्त्याच्या बाहीच्या आतल्या बाजूला रंग टाकून एक रात्र ठेवला, सकाळी धुतला. या नमुन्यातून एक बदल निघाला: राणी रंग बाकीच्यांच्या मानाने झपाट्याने चढतो आणि सगळ्यांवर कुरघोडी करतो. त्याची ताकद कमी केली. पिवळा पाव लिटर पाण्याला ८ ग्रॅम, राणी ५ ग्रॅम.

युरिया घालायचा की नाही हाही प्रश्न आला. तो कापड ओलं ठेवायला आणि रंग विरघळायला मदत करतो. पण आपल्याकडे शेतीचा युरिया २०१५ पासून नीमलेपित, म्हणजे कडुलिंबाच्या तेलाचा लेप दिलेला येतो आणि ते तेल रंगात नको होतं. बंद पिशवी आणि मुंबईची हवा एवढ्यावर काम होईल असं मी सांगितलं, आणि झालं.

रंगाचे दिवस दोन धरले. कपडे सोड्याच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे, घट्ट पिळायचे, मग बांधायचे. सोडा कापडात ठेवला, बाटलीतल्या रंगात घातला नाही. रंगात सोडा पडला की तो कापड मिळो न मिळो, पाण्याशीच जुळायला लागतो आणि काही तासांत निकामी होतो. नुसत्या पाण्यातला रंगही उन्हाळ्यात दिवसागणिक उतरतो, म्हणून बाटल्या त्याच सकाळी तयार केल्या. त्यासाठी पाणी घेतलं ते नळाचं. तानसा-वैतरणेचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. चाळीत आलेल्या टँकरचं पाणी जड लागत होतं, ते फक्त मोरी धुवायला वापरलं.

बांधण्यात मुलींनी मन घातलं. कुर्ता जमिनीवर पसरून, मध्यावर चिमूट धरून गोल गोल फिरवत चक्री केली, रबर लावले. मलमलच्या ओढण्यांवर आजींनी हरभरे बांधून बारीक ठिपके काढले; त्यासाठी सुतळी न घेता जाड शिवणदोरा मेणावरून ओढून वापरला, कारण सुतळी स्वतःच रंग पिते. गाठ एवढी घट्ट हवी की नखाने दाबल्यावर दोऱ्याखालचं कापड हलता कामा नये. आजींच्या गाठी सगळ्यांत घट्ट होत्या. बाटलीचं तोंड घडीच्या आत घालून रंग सोडायचा, वरून शिंपडायचा नाही. नाहीतर आतल्या घड्या कोऱ्या राहतात. मग प्रत्येक कपडा वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून गॅलरीत सावलीला. पिवळा-राणी रात्रभर, मोरपंखी पूर्ण चोवीस तास, कारण तो सावकाश चढतो.

धुणं हा पाणीकपातीतला अवघड भाग. क्रम असा ठेवला: गाठींसकट गार पाण्यात दोनदा, म्हणजे सोडा आणि वरवरचा रंग जातो, मग गाठी सोडायच्या, मग हात भाजेल इतक्या गरम पाण्यात थोडा साबण घालून तासभर बुडवून ठेवायचं, आणि हे पाणी बदलून पुन्हा. कापडाशी न जुळलेला रंग गरम पाण्यातच सुटतो. वाहत्या नळाखाली धरून बादल्याच्या बादल्या घालवण्यापेक्षा भिजत ठेवण्याने जास्त रंग निघतो आणि पाणी कितीतरी वाचतं.

काय झालं

पहिल्या दिवशीच्या कुर्त्यांच्या गाठी सोडताना उत्साहाच्या भरात राणी आणि नुसते पिवळे कुर्ते एकाच गरम टबात गेले. दोन पिवळ्यांवर गुलाबी झाक आली. ते लगेच बाहेर काढून स्वच्छ गरम साबणपाण्यात दोनदा भिजवले, आणि झाक जवळजवळ निघाली. सुटलेला रंग कापडाशी बांधलेला नसतो, म्हणून वाळायच्या आत हालचाल केली तर तो परत काढता येतो. एका कुर्त्याच्या पाठीवर हाताएवढा फिकट डाग राहिला. तिथे बहुधा फिनिश किंवा तेलकटपणा धुण्यात निघाला नव्हता.

बाकीचे सुती कुर्ते मनासारखे आले. टेरीकॉटचे चार ठरल्याप्रमाणे फिके, बिस्किटासारख्या मऊ पिवळ्या-नारिंगीत, आणि काकांना तेच आवडले. शिवण सगळ्याच कुर्त्यांवर पांढरी राहिली, कारण शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा होता. सर्वांत देखण्या झाल्या त्या मलमलच्या ओढण्या.

हळदीच्या आधी प्रत्येक ओला कपडा पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवून पाहिला. तीन रुमालांवर रंग उतरला, ते तीन कुर्ते पुन्हा गरम पाण्यात गेले. हळदीच्या दिवशी कुणाच्या अंगावर किंवा दुसऱ्याच्या कपड्यावर रंग लागला नाही.

नंतरच्या धुण्यात एक घाबरवणारा प्रसंग झाला. साबण लावल्यावर कुर्त्यांवर लाल डाग उमटले आणि मामींनी मला फोन केला. तो रंग आमचा नव्हता. हळदीच्या डागांना साबणातला अल्कधर्म लागून ते लाल झाले होते. भरपूर पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळे झाले, आणि चार-पाच दिवस उन्हात वाळत घातल्यावर बरेचसे उडाले. खालचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग जागचा हलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा क्रम उलटा हवा होता. आधी रंग कोणता वापरणार ते ठरवायचं, मग त्याला चालणारं कापड, आणि दुकानातच धागा जाळून खात्री. ओढण्यांची फेरी आणि टेरीकॉटचे चार कुर्ते याने टळले असते. पुडीचा पहिला प्रयत्नही एका चिंधीवर झाला असता तर एक कुर्ता आणि एक ओढणी वाचली असती.

धुण्याच्या दिवशी माणसं वाटून घ्यायला हवी होती: राणीचा टब एकीकडे, पिवळ्याचा दुसरीकडे, आणि गाठी सोडणारं माणूस एकच. रंगवण्याला सगळे हजर असतात, धुण्याला कंटाळतात, आणि घरगुती टाय-डाय बिघडतं ते धुण्यातच. दोन दिवसांऐवजी तीन धरले असते तर घाई झाली नसती. पाठीवर डाग पडलेला कुर्ता रंगवण्याआधी ओला करून उजेडात धरला असता तर पाणी न पिणारी जागा दिसली असती.

मोरपंखीबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही: पहिल्यांदा करणाऱ्यांनी तो घेऊ नये. मुलांचे कुर्ते चांगले आले, पण त्याला वेगळी वेळ, वेगळी पिशवी, वेगळं धुणं लागलं आणि त्या एका रंगाने दोन दिवसांचं सगळं वेळापत्रक ओढून धरलं.

उरलेली भुकटी माझ्याकडे हवाबंद डब्यात, रंगाचं नाव आणि तारीख लिहून ठेवली आहे. कोरडी राहिली तर ती वर्षभर सहज टिकते. गणपतीत मखरामागच्या पडद्याला ती वापरायची असं मुलींनी ठरवलं आहे, आणि या वेळी पडद्याचं कापड घ्यायला अप्पा सोबत जाणार आहेत.